मोडीचा वर्ग: थोडा बाकावर, थोडा मोबाइलवर

आदरणीय मॅडम,

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो, तासिका तत्त्वावर. यंदा नव्या धोरणाच्या अभ्यासक्रमात 'मोडी लिपी परिचय' हा दोन क्रेडिटचा, ३० तासांचा विषय आमच्या विभागाकडे आला. मोडी येणारा मी एकटाच, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. तक्रार नाही, विषय आवडीचा आहे. ४२ मुलं-मुली आहेत. प्राचार्य म्हणाले, ब्लेंडेड करा, ४० टक्के ऑनलाइन दाखवा. मी तक्ता केला: आठवड्याला दोन तास, सोमवारचा वर्गात आणि गुरुवारचा ऑनलाइन, असे बारा आठवडे, शेवटचे तीन आठवडे दोन्ही तास वर्गात. ऑनलाइनसाठी बारा लेक्चर्स रेकॉर्ड करून यूट्यूबवर, पीडीएफ गूगल क्लासरूमवर, आणि सोमवारी त्याच भागाचं वर्गात स्पष्टीकरण.

पण निम्मी मुलं एसटीने खेड्यांवरून येतात. काहींच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात असतो. मी स्वतः दहा दिवसांच्या एका वर्गात मोडी शिकलोय. वळणदार अक्षर वाचतो, घाईत लिहिलेला गिचमिड कागद आला की अडतो. आणि एक विचारायला लाज वाटते: ऑनलाइनचे तास माझ्या बिलात धरतील का? आराखडा कुठे चुकतोय ते स्पष्ट सांगा.

एक सर, मराठवाडा

*

सप्रेम नमस्कार सर,

तक्ता नेटका आहे, पण तो घड्याळ समोर ठेवून केलाय. गुरुवारी जो भाग येईल तो मोबाइलवर जाणार, मग तो मोबाइलवर शिकण्यासारखा असो वा नसो. आपण आधी मोडीचे तुकडे पाडू, टक्के नंतर मोजू.

प्राचार्यांच्या ४० टक्क्यांबद्दल मात्र आधीच सांगते, म्हणजे थोडं ओझं उतरेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र म्हणजे ब्लेंडेड पद्धतीवर चर्चेसाठी एक टिपण काढलं होतं. प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवू द्यावा, असं त्यात होतं. त्यातला 'पर्यंत' वाटेत कुठेतरी गळून पडला आणि आता कॉलेजाकॉलेजांत ४० टक्के हा भरून काढायचा कोटा झालाय. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक स्वतः वाचा, कुणाच्या तोंडून ऐकू नका. त्यात किमान मर्यादा लिहिलेली नसेल, तर २५ टक्के ऑनलाइन ठेवलेला विषयही ब्लेंडेडच. हेही बघून घ्या की तुमचा विषय लेखी धरलाय की प्रात्यक्षिक. लेखीला एका क्रेडिटचे १५ तास, प्रात्यक्षिकाला ३०. मोडी प्रात्यक्षिकात बसवली तर दोन क्रेडिटचे ६० तास होतात आणि मग सगळा हिशेबच बदलतो. तुम्ही ३० लिहिलेत, म्हणून ३० धरून पुढे जाते.

आता मोडी.

पहिला तुकडा हाताचा. कोऱ्या कागदावर आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारायची आणि मग अक्षरं तिला खाली लटकवायची. आपण देवनागरीवाले शब्द लिहून झाल्यावर डोक्यावर रेघ देणारे, त्यामुळे पहिले दोन दिवस मुलांना हे उलटंच वाटतं. मग हात शक्य तितका न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात शिरायचं. तो 'र' तर शेजारी कोण बसलंय ते बघून रूप बदलतो. हे सगळं डोळ्यांपेक्षा मनगटाने शिकायचं असतं, आणि मनगट चुकतंय हे बघायला कुणीतरी मागे उभं असावं लागतं.

समजा, हा भाग तुम्ही घरी दिलात. मुलगी व्हॉट्सअ‍ॅपवर सुंदर पान पाठवेल. अक्षर हुबेहूब कित्त्यासारखं, तुम्ही खूश होऊन अंगठा दाखवाल. पण तिने प्रत्येक अक्षर रांगोळीसारखं तीन तुकड्यांत काढलंय, कुठून सुरू केलं आणि कुठे हात उचलला, हे त्या फोटोत दिसत नाही. महिन्याभराने ती सलग ओळ लिहायला बसेल तेव्हा गाडी अडेल. वाचतानाही अडेल, कारण जोडलेल्या अक्षरांत एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे ज्याचा हात तसा फिरलाय त्यालाच पटकन उमगतं. तोवर चुकीची सवय पक्की झालेली असते. ती मोडणं म्हणजे तिरकी लावलेली वीट भिंत उभी राहिल्यावर काढणं.

म्हणून पहिले तीन आठवडे, म्हणजे सहा तास, पूर्ण वर्गात. ऑनलाइन काहीही नको. नेहमीचा रिवाज याच्या उलट आहे, हे मला माहीत आहे. सगळे आराखडे 'परिचय, इतिहास, उगम' ऑनलाइन टाकून सुरू होतात, कारण तो भाग शिक्षकाला रेकॉर्ड करायला सोपा पडतो. हेमाडपंतांनी मोडी आणली ही आख्यायिका, यादवकालीन-शिवकालीन-पेशवेकालीन ही विभागणी, सगळं पहिल्या व्हिडिओत. मला हे अजिबात पटत नाही. ज्याने एकही अक्षर लिहिलेलं नाही त्याला लिपीचा इतिहास सांगणं म्हणजे न पाहिलेल्या माणसाचं चरित्र वाचायला लावणं. तो इतिहास सातव्या-आठव्या आठवड्यात द्या, मुलं आपणहून विचारायला लागतात तेव्हा. त्याला फार वेळही लागत नाही.

दुसरा तुकडा पाठांतराचा, आणि हा मोबाइलसाठीच जन्माला आलाय. पेशवाईतल्या कागदावर तारीख कशी असते ते तुम्ही जाणताच. 'सु॥ सलास सबैन मया व अलफ.' सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे शुहूर सन (मराठी दप्तरांत अरबी अंकशब्दांनी लिहायचं ते साल) ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२, आणि साल मृगाला सुरू होत असल्यामुळे जानेवारीपासून पुढच्या जूनपर्यंत १७७३. एकदा हिशेब कळला की राहतात ते नुसते शब्द: इसन्ने, सलास, अर्बा, खमस. मग 'छ' या खुणेपुढची चांद्र तारीख, मोहरम ते जिल्हेज हे बारा हिजरी महिने, शकात ७८ मिळवायचे, फसली या महसुली सनात ५९०. मग रुपयाच्या खुणा, एक उभी दांडी पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. '५॥' म्हणजे साडेपाच. मौजे, कसबे, राजश्री यांची आखूड रूपं. हे वर्गात शिकवणं म्हणजे ४२ जणांनी मिळून पाढे म्हणणं. त्याला तुमची गरज नाही, उजळणीची आहे, आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. इथे दहा-दहा प्रश्नांच्या छोट्या चाचण्या करा. कितीही वेळा सोडवा, शेवटचे गुण धरू, असं सांगा. मुलं एसटीत बसून सोडवतात, माझा अनुभव आहे.

वर्गात मात्र त्यावरचा प्रश्न वेगळा असू द्या. 'हा कागद ११७३ सालचा आहे. तो लिहिला तेव्हा थोरले माधवराव पेशवे हयात होते का?' माधवराव थेऊरला १८ नोव्हेंबर १७७२ ला गेले, म्हणजे नुसतं साल सोडवून भागत नाही, महिना बघावा लागतो. या एका प्रश्नावर वर्ग पंधरा मिनिटं भांडतो. भांडायला माणसं समोरासमोरच लागतात.

तिसरा तुकडा खरा कागद वाचण्याचा. इथे मी आधी चुकले होते, म्हणून जरा लांबण लावते. मला वाटायचं, दस्तऐवज वाचन म्हणजे वर्गातलंच काम. पण वर्गात होतं काय? तुम्ही एक झेरॉक्स वाटता, झेरॉक्समध्ये निम्मी शाई उडालेली. फळ्याजवळचे दोघे-तिघे हुशार भराभर वाचतात, बाकीचे मान डोलावून खाली देवनागरी उतरवून घेतात. तास संपतो तेव्हा कागद वाचलेला असतो आणि ३९ जणांनी काहीही वाचलेलं नसतं. तोच कागद चांगला फोटो काढून मोबाइलवर दिलात, तर दोन बोटांनी मोठा करून एकेका अक्षरापाशी पोर दहा मिनिटं थांबू शकतं. कुणी हसत नाही, कुणी आधी उत्तर देत नाही. पहिलं वाचन घरी, एकट्याने, हे मोडीला फार मानवतं. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. एक ओळ फोडायला नवख्याला पाव तास सहज लागतो. तो पाव तास वर्गात मिळत नाही.

मात्र फाँटने टाइप केलेले सराव-कागद पीडीएफ करून देऊ नका. २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, आली, टाइप करता येते, चांगलंच झालं. पण फाँटमधला 'क' प्रत्येक वेळी तोच असतो आणि कारकुनाचा 'क' एका ओळीत चार तऱ्हांचा. फाँटवर तयार झालेलं पोर खऱ्या कागदापुढे आंधळं होतं. अक्षरओळखीच्या आठवड्यात चालेल, पुढे नाही.

आता तुमच्या आराखड्यातलं एक वाक्य. 'सोमवारी त्याच भागाचं वर्गात स्पष्टीकरण.' बाकी काही नाही ऐकलंत तरी चालेल, पण हे वाक्य खोडा.

दूरशिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्रावर मी बरीच वर्षं समंत्रक होते. रविवारी संपर्क सत्र असायचं. कंडक्टर, अंगणवाडीच्या ताई, गिरणीतून रात्रपाळी करून थेट आलेले, अशी मंडळी. पुस्तक घरी वाचून यायचं आणि सत्रात शंका विचारायच्या, असं ठरलेलं. पहिल्या रविवारी कुणीच वाचून आलं नव्हतं. मला वाईट वाटलं, एवढ्या लांबून आलेत बिचारे, म्हणून मी अख्खं प्रकरण शिकवलं. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी एक बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, 'मॅडम, तुम्ही इतकं छान सांगता, मग घरी वाचायचं कशाला?' ती चूक माझी होती. शिकवून शिकवून मी त्यांचं पुस्तक बंद केलं होतं. शिक्षक वर्गात पुन्हा सांगणारच, हे एकदा कळलं की घरचा भाग मेला. तो पीडीएफ असो, व्हिडिओ असो, काहीही असो.

म्हणून सोमवारचा तास घरच्या कामाच्या पुढच्या पायरीवरून सुरू करा. मी असं सुचवेन: गुरुवारी कागदाच्या चार ओळी द्या. प्रत्येकाने त्या वहीत देवनागरीत उतरवायच्या आणि जिथे अडलं तिथे गोल करायचा. उत्तर बरोबर आलं पाहिजे अशी अट नाही, गोल आले पाहिजेत ही अट. कोरी जागा चालेल, शेजाऱ्याचं उतरवलेलं नाही. सोमवारी आल्या आल्या फळ्यावर सगळ्यांचे गोल गोळा करा. बहुतेकांचे चार-पाच ठिकाणीच पडलेले दिसतील. मग तुमचा तास तेवढ्यापुरता. तुम्हाला तयारीही नेमकी करता येईल, कारण रविवारी रात्रीपर्यंत वहीच्या पानाचे फोटो आले तर कुठे गाडी अडतेय ते आधीच दिसेल. ४२ फोटो तपासायचे नाहीत, नुसते गोल बघायचे. वीस मिनिटांचं काम.

पहिल्या दोन सोमवारी अर्धे जण न करता येतील. तेव्हा माझ्यासारखं विरघळू नका. ज्यांनी केलं नाही त्यांनी मागच्या दोन बाकांवर बसून दहा मिनिटांत जमतील तेवढ्या ओळी करायच्या आणि मग चर्चेत यायचं. ओरडायचं नाही, पुन्हा सांगायचंही नाही. तिसऱ्या सोमवारी मागचे बाक रिकामे होतात.

रेकॉर्डिंगचं बोलू. बारा तासांची लेक्चर्स करू नका. २०२० च्या जूनमध्ये मी ४०-४० मिनिटांची एकवीस लेक्चर्स केली होती. नवरा कॅमेरामन, मागे कुकरच्या शिट्ट्या, फळा म्हणून कपाटाचं दार. पहिलं लेक्चर वर्गातल्या साठही जणांनी पाहिलं, पाचवं सात जणांनी, आणि त्या सातांत आवाज नीट आलाय का हे बघणारी मीही होते. तुमचा चेहरा मुलं सोमवारी बघणारच आहेत. मोबाइलवर त्यांना तुमचा हात हवाय. टेबलाच्या कडेला पुस्तकांची चळत रचा, त्यावरून एक लाकडी पट्टी पुढे काढा, तिला मोबाइल बांधा, भिंग खालच्या कागदावर. खिडकी डाव्या बाजूला, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. तीन-चार मिनिटांची फीत, एका वेळी चार-पाच अक्षरं, हळू लिहायची, तोंडाने फारसं बोलायचं नाही. अशा दहा-बारा फिती पुरतात. त्या शिकवण्यासाठी नाहीत. पहिल्या तीन आठवड्यांत वर्गात झालेलं हाताला पुन्हा आठवावं म्हणून आहेत. फाइल लहान करून ठेवा. यूट्यूबवर टाकायच्या तर टाका, पण मुलांच्या हातात कॉलेजच्या वायफायवर उतरवलेली फाइल द्या, म्हणजे घरी नेट असो-नसो. आणि जागा एकच ठेवा. काही यूट्यूबवर, काही क्लासरूमवर, काही व्हॉट्सअ‍ॅपवर, असं चार ठिकाणी ठेवलेलं कुणालाच सापडत नाही. मुलं व्हॉट्सअ‍ॅप उघडतातच, तर व्हॉट्सअ‍ॅप. क्लासरूममध्ये तपासणीच्या फायलीपुरती नोंद राहू द्या.

ठरल्या वेळी सगळ्यांनी गूगल मीटवर हजर राहायचं, तसला तास मी एकही ठेवणार नाही. संध्याकाळी सातला मुली चुलीपाशी, मुलगे गोठ्यात आणि वीज कुठे ते महावितरणला माहीत. अपवाद एक. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुरालेखागारात रोज कागद वाचणारी माणसं आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मराठ्यांच्या काळचे मोडी कागद आहेत. अशा एखाद्या जाणत्या माणसाला तुमच्या गावी आणणं जमायचं नाही, पण तासभर पडद्यावर आणणं जमेल. तेव्हा मुलांना घरी ठेवू नका, सगळ्यांना वर्गात बसवा आणि भिंतीवर मोठं दाखवा. हा तास ऑनलाइन की ऑफलाइन, असं कार्यालयात विचारतील. त्यांना सोयीचा वाटेल तो रकाना भरा.

एसटीच्या मुलांबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर माझा एक प्रश्न. शेवटचं लेक्चर किती वाजता संपतं आणि त्यांची गाडी किती वाजता? बहुतेक तालुक्यांच्या गावी मध्ये तास-दीड तास जातो आणि पोरं स्टँडवर बसतात. 'ऑनलाइनचा तास' घरीच झाला पाहिजे असं कुणी सांगितलं? गुरुवारी त्या वेळात एक खोली उघडी ठेवा, वायफाय चालू, पाच-सहा जुने संगणक असतील तर तेही. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याने दुसऱ्याच्या मोबाइलवर वाचावं. दोघांनी मिळून वाचलं तर उलट बरं, गोल मात्र आपापल्या वहीत. तरीही राहतील त्यांच्यासाठी कागदाची रंगीत प्रत छापून पाकिटात द्या. चार-पाच जणच असतील. त्याचा खर्च विभागाने करायचा, तुम्ही नाही.

आता वेळेचा हिशेब, कारण ब्लेंडेडच्या नावाखाली सगळ्यांत मोठी लबाडी इथेच होते, बहुधा नकळत. शिक्षक वर्गातलं काहीच कमी करत नाही आणि वर घरचं लादतो. ३० तासांचा विषय गुपचूप ४५ तासांचा होतो. मुलाचे यंदा आणखी पाच-सहा विषय आहेत आणि तिथलेही सर-मॅडम हेच करताहेत. गुरुवारचा तास म्हणजे एकच तास, याची खातरजमा करा. तुम्हाला चार ओळी पाच मिनिटांत वाचता येतात, ते माप नाही. घरातल्या भाचीला, पुतण्याला बसवा, घड्याळ लावा. तासाच्या वर गेलं तर चाराच्या तीन ओळी करा.

या सगळ्याचा जमाखर्च असा निघतो. पहिले तीन आठवडे वर्गात, ६ तास. चौथ्यापासून बाराव्यापर्यंत सोमवार वर्गात, गुरुवार घरी किंवा त्या खोलीत, ९ आणि ९. शेवटचे तीन आठवडे पुन्हा वर्गात, ६. म्हणजे २१ तास समोरासमोर आणि ९ ऑनलाइन, बरोबर ३० टक्के. प्राचार्यांना ४० च हवेत म्हणाले तर पाठांतराच्या चाचण्यांचे आणखी तीन तास काढता येतील, पण ते अगदीच अडलं तर. पहिल्या सहा तासांना हात लावू देऊ नका.

शेवटचे तीन आठवडे तुम्हीही वर्गात ठेवलेत, छान. तिथे मुलांच्या घरचे कागद येऊ द्यात. ट्रंकेतून, देवघरातून काहीतरी निघतंच. पण तुम्ही मराठवाड्यात आहात, एकेकाळचा निजामाचा मुलूख. आणलेल्या कागदांतले बरेचसे मोडी नसतीलच, उर्दू किंवा फारसी असतील आणि मुलांना ते 'मोडीच' वाटत असतील. हिरमोड करू नका. गावात उर्दू शाळेचे एखादे निवृत्त गुरुजी असतील, त्यांना एका तासाला बोलवा. माझ्या मते तो तास सगळ्यांत रंगेल.

या घरच्या कागदांना एक पथ्य मात्र कडक पाळा: त्यांचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. वाटणीपत्र, गहाणखत, कर्जरोखा, काहीही असू शकतं, आणि वर्गातच चुलतभाऊ बसलेला असतो. दीडशे वर्षांपूर्वीची भाऊबंदकी व्हॉट्सअ‍ॅपवरून पुन्हा पेटायला वेळ लागत नाही. कागद वर्गात यावा, वाचावा, घरी जावा. तसंच, २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली, ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. तुमच्या मुलांकडेही लोक कागद घेऊन येतील. ३० तासांच्या शिदोरीवर कुणाच्या नोंदीचा निर्वाळा द्यायचा नाही, हे त्यांना वर्गात स्पष्ट सांगा.

परीक्षा घरून नको. कागद मोबाइलवर दिला की उत्तर दहा मिनिटांत सगळ्या ग्रुपवर. अंकशब्दांच्या चाचण्यांना थोडे गुण द्या, गोलांच्या वहीला चांगले द्या, आणि उरलेले तोंडी वाचनाला. न पाहिलेली एक ओळ, दोन मिनिटं, तुमच्यासमोर. ४२ जणांची ८४ मिनिटं, दोन तासांत विभागून होतं. बाकीच्यांना तेवढा वेळ लेखनाला बसवा.

तुमच्या स्वतःच्या मोडीबद्दल. गिचमिड कागद अडतो, हे वर्गाला सांगून टाका. मात्र सुरुवातीला असे कागद निवडा ज्यांचं वाचन छापून आलेलं आहे. गो. स. सरदेसाईंनी १९३० पासूनच्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. ते देवनागरीत आहेत, म्हणून त्यांतल्या एखाद्या पत्राचा मूळ मोडी फोटो मिळाला की उत्तरपत्रिका तुमच्या हातात. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस पुण्याला जा आणि असे सात-आठ कागद गोळा करा. ऑनलाइन साहित्य तयार करणं म्हणजे माझ्या लेखी हेच. व्हिडिओ नंतर.

राहिलं बिल. लाज कसली त्यात? तासिकेवरच्या माणसाने तासांबद्दल विचारायचं नाही तर कशाबद्दल विचारायचं? पण तोंडी विचारू नका, तोंडी उत्तर 'बघू' असतं. सत्र सुरू व्हायच्या आधी अध्यापन नियोजन लिहून द्या: ३० तास, त्यातले २१ वर्गात, ९ ऑनलाइन, आणि त्या नऊपैकी प्रत्येक तासाला तुमचं काम काय, म्हणजे कागद देणं, खोलीत हजर राहणं, गोल बघणं. खाली प्राचार्यांची सही. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायलीला हा कागद त्यांना हवाच असतो, त्यामुळे सही सहसा अडत नाही. सही झाली की ते नऊ तास तुमच्या कामात नोंदले गेले. 'ऑनलाइनचे पैसे नाहीत' असं उत्तर आलं, तर शांतपणे तक्ता बदला: तीसही तास वर्गात आणि घरच्या चार ओळी म्हणजे साधा गृहपाठ. मुलांचं नुकसान होणार नाही, ब्लेंडेडचा रकाना रिकामा राहील, आणि मग त्याची काळजी करणारी माणसं आपणहून तुमच्याकडे येतील. फुकट नऊ तास देऊ नका. एकदा दिलेत की पुढच्या वर्षी ते सगळ्यांकडूनच मागतील.

आणि बोरू-टाक पहिल्याच दिवशी विकत आणायला लावू नका, दौती सांडून अर्धा तास जातो. साधं जेल पेन आणि कोरे कागद. रेघी वही मुळीच नको, रेघ त्यांची त्यांनी मारायची आहे. पाचव्या आठवड्यात मला लिहा, किती जणांच्या वहीत गोल आले ते.